पहिली दोन पानं

शाहूपुरीत गुळाच्या पेढीवर, माडीला,
गोणपाटात अजून रव्यांचा वास.
आडगोंडाकाका पत्ते पिसतात
अडत्याच्या बोटांनी.
याच बोटांनी चाळीस वर्षं
रुमालाखाली भाव ठरवले,
नाकावर माशी बसली तरी न हलता.

हा खेळ त्यांच्या पुतण्यानं आणला, पणजीहून.
तिथं जे घालवलं
त्याच्या बदल्यात एवढंच हाती लागलं.
आम्ही सगळे तीन पत्तीवर वाढलेलो.
"दोनच पानं आपली? आन् पाच सगळ्यांची?"
इलाही मिस्त्री हसला होता,
"ही तर भाऊबंदकीतली जमीन झाली की."

मी उद्यमनगरात, लेथवर.
एक सूत जादा उतरलं तर जॉब भंगारात,
हे मला कळतं.
पण पानं हातात आली की
सगळंच बसवून बघावंसं वाटतं.
सत्ती-दुर्री? बघू की.
गुलाम-चौकी, रंग तर एक आहे. बघू की.
बघू की, बघू की म्हणत
एका आषाढात सोळाशे रुपये बघितले.

काका एकदाच बोलले, पत्ते वाटता वाटता:
"गुळाच्या रव्याला आधी नख मारायचं.
पाक कच्चा असला तर नखाला कळतंय.
तू आख्खा रवा खातोस
आन् मग म्हणालास, खारट हाय."

मग जागेचं.
"आंधळे भरणाऱ्या दोघांच्या पुढं बसलास
म्हंजे पहिला तू बोलणार.
तुझ्यामागं सात तोंडं अजून मिटल्याली.
तिथनं मोठी जोडी, एक्का-राजा, बास.
शेवटाला बसलास तर हात जरा सैल सोड,
तवर समद्यांचा आवाज ऐकलेला असतोय.
आन् खेळायचंच तर वाढवून खेळ.
नुसतं मागनं जाणाऱ्याचा भाव
दुसरीच माणसं ठरवत्यात."

त्या गुरुवारी पहिला मी.
पानांचे कोपरे उचलले:
बदामची राणी, किलवरची नश्शी.
राणी अशी बघत होती
जशी लग्नात दूरच्या नात्यातली बाई बघते,
ओळख आहे, पण कुठली ते आठवत नाही.
मुठीत चिंचोके गरम झाले.
दहा रुपयाला एक.
पानं तशीच पालथी पुढं सरकवली.
आयुष्यात पहिल्यांदा, न बघता म्हणजे, न "बघू की" म्हणता.

मग मधली तीन उघडली.
राणी.
नश्शी.
राणी.

लेथचा पट्टा सुटतो
तेव्हा आधी आवाज येत नाही,
फक्त हात रिकामा फिरतो.
हणमंता पोवारनं राजाच्या जोडीवर
दोनशे चिंचोके कवेत ओढले,
वर पानाची पिंक टाकायला गॅलरीत गेला.
मी कुणाला काही सांगितलं नाही.
काका पत्ते गोळा करत होते.
माझी दोन पानं त्यांनी उलटलीसुद्धा नाहीत,
थप्पीत घातली, पिसली.
"फुडच्या गुरवारी हीच आली तर टाकशील?"

मला उत्तर आलं नाही.
टाकायला पाहिजेत, हे माहीत होतं.
माहीत असणं आणि येणं यांत
एक सूत अंतर असतं, तेवढंच.

साडेदहाला गंगावेशीत दूध.
म्हैस समोर, फेस पेल्याबाहेर.
खिशात मेहुण्याचा मेसेज, तीन दिवसांचा:
जुनं सीएनसी मशिन, निम्मे-निम्मे,
रविवारपर्यंत सांगा दाजी,
अजून कुणाला विचारलेलं नाही.
म्हणजे पहिला मी.

कर्जाचा हप्ता मांडला, बोटांवर.
मग मशिनचं वय. मग मेहुण्याचं.
पेला कट्ट्यावर पालथा घातला.
थोड्या वेळानं सुलटा केला.
"आणि एक धार मारू काय?" गवळ्यानं विचारलं.

बघू की, म्हणालो.